अंदमानला जायचं, बारातांगला नाही

आपल्या संघटनांतल्या बायकांचा प्रवास मी गेली दहा-बारा वर्षं जवळून पाहते आहे. शिबिराला जाणं, मोर्चाला जाणं, प्रशिक्षणाला जाणं. त्या गावात काय पाहिलं असं विचारलं तर हॉल, सतरंजी, जेवणाची पंगत आणि परतीच्या एस्टीची वेळ एवढंच सांगता येतं. सोलापूरला तीनदा जाऊन सिद्धेश्वराचं तळं न पाहिलेल्या कार्यकर्त्या माझ्या ओळखीच्या आहेत. त्याची त्यांना खंत नसते, उलट थोडा अभिमानच असतो. म्हणून आमच्या भागातल्या बचत गटांच्या बावीस जणींनी ‘आम्हाला अंदमान बघायचंय, तेवढं ठरवून द्या’ असं सांगितलं तेव्हा संस्थेत बरीच कुजबुज झाली. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘अष्टविनायक करा की! अंदमान म्हणजे चैनच झाली.’

अष्टविनायक चैन नाही आणि अंदमान चैन, हे गणित आपण नीट तपासायला हवं. बाईला घराबाहेर पडायला आपल्या समाजात काही ठरलेली कारणं चालतात. देव चालतो, बाळंतपण चालतं, कुणाचं मयत चालतं. पूर्वी माहेरपण चालायचं. आता भावांच्या घरी जागा नसते आणि माहेरी गेलेली बाई तिथेही पोळ्याच लाटते. वारीला जाणाऱ्या बायका मला विठ्ठलाइतक्याच त्या मोकळ्या रस्त्यासाठी जाताना दिसतात. पण तसं म्हणायची सोय नाही, विठ्ठलाचं नाव घ्यावं लागतं. या बावीस जणींनी देवाचं नाव घेतलं नाही, मुलांना समुद्र दाखवायचाय असंही म्हणाल्या नाहीत. ‘आम्हाला बघायचंय’ म्हणाल्या. माझ्या मते गेल्या काही वर्षांत आमच्या गटांत झालेल्या मोठ्या गोष्टींपैकी ही एक आहे.

पैसे त्यांचेच आहेत. चार वर्षं महिन्याला हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकले. अंगणवाडी सेविका आहेत, दोन आशा आहेत, भाजीची हातगाडी लावणाऱ्या आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत, तिघी एकट्या राहणाऱ्या आहेत. नऊ जणींनी अजून समुद्रच पाहिलेला नाही.

सहल ठरवणं हेही एक काम असतं आणि आपल्या घरांतून ते पुरुष करतात. तिकिटं त्यांनी काढायची, चकल्या आपण तळायच्या. त्यामुळे पहिल्या बैठकीत सगळ्या गप्प होत्या. दुसऱ्या बैठकीत मी भिंतीवर नकाशा लावला आणि मग प्रश्न सुटेनात इतके आले. बोटीवर संडास असतो का? तिथे अंधार किती वाजता पडतो? (बेटं फार पूर्वेला आहेत आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे फेब्रुवारीत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. सहाला बाहेर पडू असं म्हणणारीने काळोखात पडायची तयारी ठेवावी.) साडी नेसून समुद्रात उतरता येतं का? पाळी आली तर? चेन्नईहून जहाजाने गेलं तर तीन दिवस लागतात, विमानाने दोन-अडीच तास. मग जहाजाचा नाद सोडला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून जून ते सप्टेंबर सोडून द्यायचे. एखाद्या किनाऱ्यावर मगरीची पाटी असेल तर पाण्यात उतरायचं नाही. आणि पाणी? पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम, धनीखारी धरणावर जगतं. उन्हाळ्यात तिथल्या घरांना नळाचं पाणी रोज मिळत नाही. हे ऐकल्यावर एक सेविकाताई लगेच म्हणाल्या, ‘मग हॉटेलात बादलीनंच अंघोळ करायची, शॉवर नको.’ कुणी शिकवावं लागलं नाही. पाण्याची रांग जिने लावली आहे तिला दुसरीची रांग दिसते.

मग प्रवास कंपनीचा कागद आला. पाच रात्री, सहा दिवस. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल आणि संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम, मग हॅवलॉक, मग नील. (या दोन बेटांची नावं २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी आहेत, हॅवलॉक हा १८५७चा उठाव मोडणाऱ्या सेनापतींपैकी एक, तेव्हा नाव गेल्याचं दुःख नाही.) पाचव्या दिवशी लिहिलं होतं: बारातांग, चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, पहाटे तीनला प्रस्थान. मी फोन केला. पलीकडचा मुलगा उत्साहाने म्हणाला, ‘मॅडम, नशीब असेल तर जारवा पण दिसतात. कागदावर लिहिता येत नाही, पण सगळे त्याच्यासाठीच जातात.’

हा लेख लिहायचं कारण ते वाक्य आहे.

जारवा ही दक्षिण आणि मध्य अंदमानच्या पश्चिम अंगाला जंगलात राहणारी जमात. २०११च्या जनगणनेत त्यांची संख्या ३८० होती. आपल्याकडच्या एखाद्या वाडीइतकी. सत्तरच्या दशकात त्यांच्या जंगलातून सरकारने मोठा रस्ता काढायला घेतला, तेव्हा त्यांनी बाणांनी विरोध केला. रस्ता झालाच. १९९७च्या अखेरीपासून ते आपणहून वस्त्यांकडे येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्या मुलांना अंगणवाडीत गोवराची लस देतो. ज्यांच्या रक्ताने तो रोग कधी पाहिलेलाच नाही, त्यांच्यासाठी गोवर म्हणजे काय हे सेविकांना सांगायला नको. अंदमानात हे आधी होऊन गेलं आहे. १८५८ मध्ये इंग्रजांनी कैद्यांची वसाहत केली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक हजारोंनी होते. आज पन्नासच्या आसपास उरलेत. त्यांच्यातली बोआ नावाची म्हातारी बाई २०१० च्या जानेवारीत गेली. ‘बो’ भाषा बोलणारी ती शेवटची. तिच्या आयुष्याच्या शेवटी तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कुणीच राहिलं नव्हतं.

बारातांगला जायचं तर जिरकाटांगच्या नाक्यापासून पन्नासेक किलोमीटर या जंगलातून जावं लागतं. ठरलेल्या वेळी गाड्यांचा तांडा सुटतो, पुढेमागे पोलीस. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला द्यायचं नाही, अशी पाटी असते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये जारवांच्या राखीव भागातून जाणारा हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तो बंद झाला नाही. जानेवारी २०१२ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने एक चित्रफीत बाहेर आणली. तिच्यात जवळजवळ उघड्या जारवा बाया-मुलींना खाण्याच्या बदल्यात नाचायला सांगितलं जात होतं. देशभर ओरड झाली, कायद्यात दुरुस्ती झाली, शिक्षा वाढल्या. तांडे चालूच राहिले. २०१४ मध्ये एका जारवा पुरुषाने स्वतः सांगितलं की चोरटे शिकारी जंगलात शिरतात, दारू आणतात आणि आमच्या बायकांना त्रास देतात. गाडीच्या काचेतून पाहणारे आणि जंगलात शिरणारे हे सारखे नाहीत, हे मला कळतं. पण त्या बाईच्या बाजूने पाहिलं तर दोघेही एकाच रस्त्याने आलेले असतात.

बैठकीत हे सगळं मांडलं तेव्हा एकमत झालं नाही, आणि व्हायलाच हवं असं मी धरूनही चालले नव्हते. कुणी म्हणालं, आपण फोटो काढणार नाही, खाली मान घालून बसू. कुणी म्हणालं, रस्ता सरकारचा, परवानगी सरकारची, आपण बावीस जणी गेलो नाही म्हणून काय तांडा थांबणार आहे? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मी एकटीने हुंडा दिला नाही म्हणून काय हुंडा थांबणार आहे, असं बापाने विचारलं की आपण त्याला काय उत्तर देतो?

बोलणं फिरलं ते भंडारदऱ्याकडच्या पाड्यावरून आलेल्या एका ठाकर ताईंमुळे. त्या एरवी बैठकीत फार बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडं पावसाच्या तोंडाला काजवे बघायला गाड्या येत्यात. काजवे रातचे. दिवसभर काय करायचं त्यांनी? मग ओढ्यावर येऊन बसत्यात. आम्ही धुणं धुतो, अंघोळी करतो, ते मोबाइल धरून. एकदा माझ्या सासूचा फोटो काढला, म्हणाला आजी हसा. ती काय त्याची आजी आहे का?’ नंतर बराच वेळ कुणी रस्ता सरकारचा आहे असं म्हणालं नाही.

ठाकर ताईंकडे निदान ग्रामसभा आहे, आमच्यासारखी संस्था आहे, शिवी द्यायला त्या पाहुण्याला कळणारी भाषा आहे. जारवा बाईकडे त्या गाडीत बसलेल्याला सुनावण्यासाठी काय आहे?

आपल्या भाषेत ‘पाहणं’ या शब्दाला बाईने चांगलंच ओळखलेलं आहे. मुलगी पाहायला येतात. स्थळ पाहतात. चालून दाखव, गाऊन दाखव, केस मोकळे सोडून दाखव. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणींनी ‘मी दाखवून घेणार नाही’ असं म्हणून घरात वादळं उठवली. प्रेक्षणीय स्थळातलं ‘स्थळ’ जिवंत माणूस असेल तर तिथे तोच कांदेपोह्याचा कार्यक्रम असतो, फक्त पोहे गाडीतले लोक खातात आणि नकार द्यायची सोय मुलीकडे नसते.

या चर्चेत एक बाजू सुटू नये म्हणून लिहिते. हा रस्ता नुसता पर्यटकांचा नाही. त्याच्या पलीकडे रंगत, मायाबंदर, दिगलीपूर आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना तिथे वसवलं. रांचीकडचे आदिवासी मजूर जंगलतोडीला आणले, त्यांची नातवंडं तिथेच आहेत. इंग्रजांनी १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून करेन कुटुंबं आणली. दिगलीपूरच्या एखाद्या बाईचं बाळंतपण अडलं तर तिला पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या रुग्णालयाकडे नेणारा रस्ता हाच आहे. तिला कुणी बोटीची वाट बघ म्हणू नये. समुद्रमार्गाची नीट सोय नसताना रस्ता पूर्ण बंद करण्याची मागणी दूरच्या लोकांना सोपी वाटते. पण रुग्णाची गाडी, एस.टी., धान्याचा ट्रक वेगळा आणि जारवा दिसतील या आशेने पहाटे तीनला उठलेली आमची मिनीबस वेगळी. तिला त्या रस्त्यावर काही काम नाही.

मी गटाला सांगितलं की बारातांगचं बुकिंग मी करणार नाही. चौदा जणींनी ते मान्य केलं, सात जणी कुरकुरत तयार झाल्या, एकीने नाव मागे घेतलं. जाताना ती म्हणाली, ‘माझ्या पैशानं मी काय बघायचं ते संस्थेनं का ठरवावं? घरी नवरा ठरवतो, इथं तुम्ही.’ तिचा राग मला योग्य वाटतो. बायकांनी काय करावं हे सांगणाऱ्यांची रांग आधीच लांब आहे, तिच्यात आपण उभं राहू नये. तिने कुठे जावं, काय नेसावं, किती खर्च करावा, रात्री किनाऱ्यावर किती वेळ बसावं, हे मी ठरवणार नाही. पण ज्या बाईला विचारताच येत नाही तिच्या अंगणातून गाडी न्यायची की नाही, हा प्रश्न आपल्या पैशावर सुटत नाही. तिचे पैसे व्याजासकट परत केले आहेत आणि ती स्वतःच्या बहिणीबरोबर जाईल असं दिसतं. जाईल तर जावो, एकटी बाई बहिणीला घेऊन विमानात बसते यातही मला आनंदच आहे.

बारातांगचा दिवस मोकळा झाला, त्यात काय बसवायचं? इथे आम्हाला एक वेगळंच अंदमान सापडलं. मराठी माणूस अंदमानला जातो तो सावरकरांच्या कोठडीसाठी. जावं, सात हातांचं ते तुरुंगाचं चाक आणि त्यातले आज उरलेले तीन हात पाहण्यासारखेच आहेत. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं ते बांधकाम चाललं होतं. पण काळ्या पाण्याला बायकाही गेल्या, हे मार्गदर्शक बहुधा सांगत नाही. सेल्युलर जेल उभा राहण्याच्या आधीपासून पोर्ट ब्लेअरमध्येच साउथ पॉइंटला बायकांचा तुरुंग होता. त्यांच्यातल्या पुष्कळ जणी नवऱ्याच्या खुनासाठी किंवा स्वतःचं तान्हं मूल मारल्याबद्दल आलेल्या होत्या. ते मूल का मारलं, कुणाचं होतं, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे तीही कमी झाली. त्या खटल्यावर वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं आणि बुलढाण्यात ताराबाई शिंदे चिडून लिहायला बसल्या. १८८२ चं ‘स्त्री-पुरुष तुलना’ त्या रागातून आलं. आपण ते पुस्तक अभ्यासवर्गात वाचतो. ज्या शिक्षेचं नाव त्या खटल्यात निघालं ती शिक्षा भोगायला बायका उतरत होत्या तो किनारा मात्र आपल्या सहलीच्या कागदावर नाही.

साउथ पॉइंटच्या बायका आत विणकाम करीत. काही वर्षं नीट वागलेल्या कैदी पुरुषाला लग्नाची परवानगी मिळे. मग त्याला त्या तुरुंगात आणत, बायकांना ओळीने उभं करत आणि तो निवड करी. बाईला होकार-नकार होता असं कागदोपत्री होतं. नकार दिला तर पुन्हा तुरुंगच होता, तेव्हा त्या होकाराची किंमत आपण जाणतो. आज अंदमानात स्वतःला ‘लोकल बॉर्न’ म्हणवणारी जी घरं आहेत त्यांच्यातल्या अनेकांच्या पणज्या अशा ओळीत उभ्या राहिलेल्या आहेत. सरकारने भरवलेला मुलगी पाहण्याचा कार्यक्रमच तो.

नकाशावर बायकांची नावं शोधण्याचा खेळ आम्ही बैठकीत खेळलो. राधानगर सापडलं, सीतापूर सापडलं. माउंट हॅरिएट सापडलं, ते एका इंग्रज अधिकाऱ्याच्या बायकोचं; २०२१ पासून ते माउंट मणिपूर झालं आहे. कैदी बायकांपैकी एकीचंही नाव मिळालं नाही.

तेव्हा पाचव्या दिवशी सकाळी साउथ पॉइंटच्या बाजूला जाऊन यायचं, तिथे पाहण्यासारखं काही उभं नसलं तरी. मग मानववंशशास्त्राचं संग्रहालय. तिथेही आदिवासींचे फोटो काचेत आहेत आणि त्यावर आमच्यात भांडण होईल याची मला खात्री आहे, होऊ दे. दुपारी चॅथमची लाकूड गिरणी, १८८३ ची. संध्याकाळी चिडिया टापूला सूर्यास्त, कारण सगळं शिकण्यासारखंच पाहायचं असं बायकांनी ठरवलेलं नाही आणि मी तसं ठरवू पाहिलं तर त्या मला समुद्रात ढकलतील. राधानगरच्या किनाऱ्यासाठी अख्खा दिवस ठेवला आहे, कार्यक्रम काही नाही. बसायचं, भिजायचं, झोपायचं. साडीचा प्रश्न मतदानाने सुटला: पंजाबी ड्रेस, ओढणीशिवाय.

प्रवास कंपनीने बारातांग काढल्यावर आधी पैसे कमी करायला नकार दिला. मग गाडीभाडं, पहाटेचा डबा, बोट असा हिशेब आमच्या भाजीवाल्या मावशींनीच फोनवर मांडला आणि डोईमागे बाराशे रुपये कमी करून घेतले. त्यांना दर करायची सवय आहे.

इतर गटांपैकी कुणी जाऊन आलं असेल तर सरकारी फेरीबोटीवरच्या स्वच्छतागृहांची स्थिती जरूर कळवा. खाजगी बोट महाग पडते आहे आणि एवढ्या एका मुद्द्यावर निर्णय अडला आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं आहे. दोघींच्या घरून अजून होकार आलेला नाही. एकीच्या नवऱ्याने ‘मग मीही येतो, तेवढीच सोबत’ असा निरोप पाठवला आहे. त्याला काय कळवायचं, ते येत्या रविवारच्या बैठकीत ठरेल.